अंगणातला तेलाचा डाग : आधी तेल ओळखा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत लाकडी घाणा आणि शेंगा चटणीचा उद्योग चालवणाऱ्या गटाच्या अध्यक्षा ताईंनी केलेले बोलणे. सभेत विचारलेले प्रश्न शेवटी दिले आहेत.)



मागच्या सभेला आपल्यातल्या तीन गटांनी कर्जाचे अर्ज दिले होते. शेडसमोरचा कोबा फोडून नवा करायचा म्हणून. तिन्ही अर्जांत कारण एकच लिहिलं होतं, तेल आणि ऑइल सांडून जागा खराब झाली. तेव्हा चर्चा निघाली की बाई, कोबा फोडायलाच पाहिजे का? का वरून नुसता थर दिला तर चालेल? का आहे तोच घासून निघेल? कुणी म्हणालं अ‍ॅसिड टाका, कुणी म्हणालं रॉकेल टाका. सचिव ताई म्हणाल्या, तुमच्याकडं घाणा आहे, रोज तेलात पाय असतात तुमचे, तुम्हीच सांगा. म्हणून मी आज बोलायलेय. मी काही इंजिनिअर नाही, पण घाण्यापुढची फरशी आणि अंगणातला ट्रॅक्टरचा डाग, दोन्ही आमच्या गटानं हातानं काढलेत. त्यातलं जे उपयोगाचं आहे तेवढंच सांगते.

आपल्या आज्ज्यांना ही अडचण नव्हती. शेणानं सारवलेल्या अंगणात समईतलं तेल सांडलं, तर खुरप्यानं तेवढी माती खरवडून काढायची, नवी माती दाबायची आणि वरून सारवायचं. डाग गेला. खळ्याचंही तसंच. आता अंगणात कोबा आला, शहाबादी आली. धूळ कमी झाली, पापड-कुरडया वाळवायला चांगली जागा झाली, हे खरंच. पण कोबा खरवडून काढता येत नाही. दिसायला तो दगडासारखा दिसतो, पण त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, भाकरीला असतात तशी. तेल त्या छिद्रांतून खाली उतरतं. वरचं पुसलं तरी आतलं तिथंच राहतं. म्हणून उन्हाळ्यात कधी कधी असं होतं बघा, दिवाळीला घासून स्वच्छ केलेली जागा एप्रिलच्या उन्हात परत काळी दिसायला लागते. तेव्हा आपल्याला वाटतं कुणीतरी नवीन सांडलं. नवीन कुणी सांडलेलं नसतं. उन्हानं आतलं तेल पातळ होऊन वर येतं.

आता कर्जाच्या अर्जाशी याचा काय संबंध, तर ऐका. तेल मुरलेल्या कोब्यावर नवा सिमेंटचा थर दिला, तर तो खालच्याला धरत नाही. तेलकट तव्याला पीठ चिकटत नाही, तसंच. वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात, पोकळ आवाज येतो, आणि थराचे पैसे वाया. हप्ते मात्र फेडायचेच. गवंडी हे सांगेलच असं नाही, त्याचं काम थर देऊन पैसे घ्यायचं. म्हणून माझं म्हणणं आहे की नवा थर द्यायचा असो वा नसो, डाग आधी काढावाच लागतो. आणि काढल्यावर बऱ्याच जणींना दिसेल की थराची गरजच उरली नाही.

डाग काढायच्या आधी तो कोणत्या तेलाचा आहे ते ओळखायचं. इथंच बहुतेक जणी चुकतात. आपल्याकडं दोन जातीची तेलं सांडतात. एक खायचं : शेंगदाण्याचं, करडईचं, जवसाचं, सोयाबीनचं. दुसरं गाडीचं : ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकल, मोटर यांचं ऑइल, ग्रीस, डिझेल. दोन्हींचा डाग काळाच दिसतो, कारण वर धूळ बसते. पण बोट फिरवून बघा. खायचं तेल जुनं झालं की चिकट होतं, पिवळट-तपकिरी साय धरतं, खवट वास मारतं, मुंग्या फिरतात. करडई आणि जवसाचं तर हवेनं वाळून वार्निशासारखं टणक होतं, नखानं पापुद्रा निघतो. गाडीचं ऑइल तसं वाळत नाही. ते वर्षानं बोट फिरवलं तरी काळं लागतं आणि वास गॅरेजचा येतो.

हे ओळखायचं कशासाठी? कारण खायच्या तेलाचा साबण होतो आणि ऑइलचा होत नाही. आपल्यातल्या काही जणींनी साबण बनवायचं प्रशिक्षण घेतलंय, त्यांना लगेच कळेल. तेल आणि खार एकत्र आले की साबण तयार होतो, आणि साबण पाण्यानं धुऊन जातो. धुण्याचा सोडा हा खारच आहे. चुलीच्या राखेतही खार असतो. पूर्वी तेलकट भांडी राखेनं घासायचे, ती निघायची त्यातली एक गोष्ट हीच, दुसरी म्हणजे राख तेल शोषून घेते. तेल जितकं खवट, तितकं ते सोड्याला लवकर वळतं. म्हणजे घाण्यापुढच्या जुन्या डागाला सोडा हाच औषध. पण ट्रॅक्टरच्या ऑइलवर कितीही सोडा टाका, त्याचा साबण होणार नाही, ते जमिनीतून निघालेलं तेल आहे. त्याला कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड लागतं, म्हणजे तयार साबण, जो तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात उचलतो. आणि आत मुरलेलं असेल तर लेप लावून ओढून काढावं लागतं. ते पुढं सांगते.

आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण त्यात जिवाला धोका आहे.

अ‍ॅसिड टाकायचं नाही. संडास साफ करायचं असो की बाटलीत सुटं मिळतं ते असो. अ‍ॅसिड तेलाला काहीच करत नाही. ते सिमेंटमधला चुना खातं. टाकल्यावर फेस येतो ना, तो फेस म्हणजे डाग निघतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो कोबा विरघळतोय. शहाबादी तर चुन्याचाच दगड आहे, तिच्यावर लिंबाचा थेंब ठेवला तरी चमक जाते, मग अ‍ॅसिडचं काय विचारता. वरचा गुळगुळीत थर गेला की फरशी खरखरीत होते आणि पुढच्या वेळी तेल दुप्पट पिते. आणखी एक, अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एका जागी वापरू नका, एकीनंतर दुसरीसुद्धा नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद शेडमध्ये तो छातीत जातो. शेजारच्या गावात एका ताईंना त्यानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं. स्वच्छतेचा उत्साह होता बिचारीला, दुसरं काही नाही.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल पण नको. त्यानं ऑइल पातळ होतं हे खरं, म्हणून मेकॅनिक हात त्यानं धुतो. पण फरशीवर पातळ झालेलं ऑइल आणखी खाली उतरतं आणि डाग पसरतो. शिवाय वास. पापड, कुरडई, चटणी, सगळ्यांना वास लवकर लागतो. आमच्या ओळखीच्या एका गटाच्या कुरडया दुकानदारानं परत पाठवल्या, तळल्यावर डिझेलचा वास येतो म्हणून. त्यांनी तर काही टाकलंही नव्हतं, नुसतं ट्रॅक्टर लावायच्या जागेशेजारी वाळवल्या होत्या. आगीचं तर बोलायलाच नको, शेडमध्ये चूल पेटलेली असते.

तारेचा ब्रशही शहाबादीवर चालवू नका. ओरखडे पडतात आणि तुटलेल्या तारा राहतात. त्या चटणीत गेल्या तर काय उत्तर देणार? ताठ प्लास्टिकचा ब्रश घ्या, नाहीतर चांगला खराटा मागून धरून घासा.

आता करायचं काय.

तेल ताजं सांडलं असेल तर पाणी अजिबात टाकायचं नाही. पाण्यानं ते पसरतं. चाळलेली कोरडी राख, लाकडाचा भुसा, नाहीतर कोरडी माती त्यावर जाड टाकायची. कडेनं आत टाकत यायचं, म्हणजे बाहेर पळत नाही. घासायचं नाही, पायानं दाबायचं. दोन-तीन तास ठेवून झाडून घ्यायचं, परत एकदा टाकायचं. आमच्या घाण्यापाशी राखेची बादली कायम भरलेली असते, चुलीची राख त्यातच जाते. ही एक बादली असली तर पुढचं निम्मं काम करावंच लागत नाही.

जुना डाग खायच्या तेलाचा असेल तर आधी वरची साय खरवडा. उलथन्यानं, लाकडी पट्टीनं, कशानंही. ही पायरी गाळू नका. साय तशीच ठेवून वरून सोडा ओतला तर सोडा वरच्या वरच वाहून जातो. मग दहा लिटरच्या बादलीभर कढत पाण्यात दोन वाट्या धुण्याचा सोडा विरघळवायचा. खायचा सोडा नाही हां, तो फार सौम्य पडतो. हे पाणी डागावर ओतून निदान अर्धा तास तसंच राहू द्यायचं, वाळायला लागलं तर आणखी थोडं ओतायचं. बोटाला बुळबुळीत लागायला लागलं की समजा साबण व्हायला लागलाय. मग घासायचं, आणि भरपूर साध्या पाण्यानं धुऊन काढायचं. जाड डागाला हे दोनदा, तीनदा करावं लागतं. एकदाच जोर लावून घासण्यापेक्षा तीनदा भिजवलेलं बरं, कंबर वाचते.

हातात रबरी मोजे घालूनच करा. सोडा कातडीतलं तेलही काढून घेतो, हाताला भेगा पडतात. कढत पाणी ओतताना लेकरं लांब ठेवा. आणि अ‍ॅल्युमिनियमची परात, पातेलं यात सोडा कालवू नका, भांडं काळं पडतं आणि झिजतं. प्लास्टिकची बादली घ्या, नाहीतर स्टीलची. कॉस्टिक सोडा कुणी सुचवेल, तो फार जोराचा आहे, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. फरशीसाठी त्याची गरज नाही.

ऑइलच्या डागाचं निराळं. वरचं ओलं ऑइल भुशानं, राखेनं उचलून घ्या. मग कपड्याची पावडर किंवा भांड्याचं लिक्विड थेट कोरड्या डागावर टाकायचं, थोडंसंच गरम पाणी शिंपडून घट्ट फेस होईल असं घासायचं आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं. सुरुवातीलाच बादलीभर पाणी ओतलं तर पावडर वाहून जाते. फेस काळा होईल. तो काळा फेस पाण्यानं इकडं तिकडं ढकलायचा नाही, आधी सुपलीनं, भुशानं उचलायचा, मगच धुवायचं.

एवढं करून वरचं निघतं. आतलं ओढायला लेप. आपण गळवाला पोटीस बांधतो ना, तीच कल्पना. खडूची पावडर, मुलतानी माती नाहीतर बारीक चाळलेली राख घ्यायची, त्यात मूठभर कपड्याची पावडर आणि गरम पाणी घालून भज्याच्या पिठापेक्षा थोडं घट्ट कालवायचं. डागावर बोटाच्या पेराएवढा जाड थर द्यायचा, डागाच्या बाहेर चार बोटं जाऊ द्यायचा. वरून प्लास्टिकचा कागद, कडेला दगड. रात्रभर तसंच. सकाळी कागद काढायचा आणि लेप उन्हात पूर्ण वाळू द्यायचा. काम होतं ते या वाळण्यातच. लेप वाळताना ओल वर ओढतो आणि ओलीबरोबर आतलं ऑइल त्या पावडरीत येतं. वाळलेला लेप खरवडला की खालची बाजू तपकिरी दिसेल. मग परत नवा लेप. आम्ही ट्रॅक्टरच्या डागाला चार वेळा लावला. पहिल्या दोन वेळा फरक दिसला, तिसऱ्या वेळी थोडा, चौथ्या वेळी जवळपास नाही, म्हणून थांबलो. विटेचा चुरा काही जणी वापरतात, शोषतो चांगला, पण शहाबादीवर लाल छटा राहू शकते. आमच्याकडं खडूची पावडर रंगाच्या दुकानात मिळाली. सगळा मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

खोटं कशाला सांगू, पूर्ण पांढरी झाली नाही जागा. फिकट सावली राहिलीय, पाहुण्यांना दिसते. पण बोटाला काही लागत नाही, वास येत नाही, पाय घसरत नाही. आपल्याला तेवढंच पाहिजे. सावली घालवायला म्हणून पुढं अ‍ॅसिडकडं जाऊ नका.

झालं की नाही हे बघायची परीक्षा सोपी आहे. फरशी दोन दिवस कडक वाळू द्या. मग डागाच्या जागी ओंजळभर पाणी टाका आणि शेजारी जिथं कधीच तेल पडलं नाही तिथंही टाका. चांगल्या कोब्यात पाणी जिरून जागा गडद होते. तेल असेल तिथं पाण्याचे मणी होऊन उभे राहतात, अळूच्या पानावर राहतात तसे. दोन्हीकडं पाणी सारखं जिरलं, तर नवा थरही धरेल. मणी राहिले, तर गवंड्याला बोलवू नका अजून. माझी संघाला सूचना आहे की कोब्याच्या कर्जाचा अर्ज आला की सीआरपी ताईंनी जाऊन ही पाण्याची परीक्षा बघावी. फॉर्मवर एक ओळ वाढेल फक्त. आणि कोबा खरंच फुटलेला, उखडलेला असेल, पाणी साचत असेल, तर जरूर कर्ज द्यावं. अशा जागेत खाद्यपदार्थांचं काम करूच नये.

घसरण्याचा विषय हलका घेऊ नका. तेल मुरलेल्या जागेवर पहिला पाऊस पडतो तेव्हा ती सगळ्यात जास्त निसरडी असते. वरची धूळ आणि तेल मिळून चिखलाचा पातळ पापुद्रा होतो. आमच्या गटातल्या एक काकू रोहिणीच्या पावसात वाळवण उचलायला धावल्या आणि ट्रॅक्टरच्या डागावर पडल्या. मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात. त्यांच्या घरी ती दीड महिना भाकरी कुणी थापली, धुणं कुणी धुतलं, ते सोडा, पण चटणीच्या कामाची त्यांची मजुरीही बुडाली. डागाकडं आमचं सगळ्यांचं लक्ष गेलं ते त्यानंतर.

आणि मग मूळ प्रश्न निघाला, की ट्रॅक्टर तिथं लावायचाच कशाला? हे बोलणं जरा अवघड होतं. जागा आमच्या मोठ्या दिरांची, शेड गटाला भाड्यानं. ट्रॅक्टर घरचाच. आम्ही डाग काढायचा आणि आठ दिवसांत परत तेवढाच पडायचा, याला काही अर्थ नव्हता. पण एकटीनं बोललं असतं तर घरातलं भांडण झालं असतं. म्हणून गटाच्या बैठकीत विषय घेतला, इतिवृत्तात ठराव लिहिला, की वाळवणाच्या अंगणात वाहन लावणार नाही, आणि भाडे कराराच्या वेळी भाऊजींना वाचून दाखवला. सगळ्या जणी बसलेल्या. काकूंचा हात अजून प्लास्टरमध्ये. भाऊजी म्हणाले, "एवढं लिहायची काय गरज होती, सांगितलं असतं तरी लावला नसता." बरं म्हटलं. तोंडी पण तीनदा सांगितलेलं होतं, ते कुणी काढलं नाही. आता ट्रॅक्टर चिंचेखाली लागतो.

ज्यांना दुसरी जागा नाही त्यांनी गाडीखाली जुनी परात नाहीतर उभा कापलेला पत्र्याचा डबा ठेवावा, तळाला थोडा भुसा. आणि गळती कुठून ते फिटरला बघायला लावा. बऱ्याचदा ऑइल बदलताना खालच्या बोल्टाचा वायसर जुनाच ठेवलेला असतो, नाहीतर सील गेलेलं असतं. काम छोटं असतं, पण जोवर घरातली बाई घासतेय तोवर ते कुणाला आठवत नाही. ऑइल बदलणं मात्र अंगणात होऊच देऊ नका, ते गॅरेजला.

आता निघालेल्या घाणीचं काय करायचं. हे माझ्या मते डाग काढण्याएवढंच महत्त्वाचं आहे आणि यावर कुणी बोलत नाही. ऑइलचा भुसा, राख, वाळलेला लेप हे उकिरड्यावर टाकायचं नाही, कारण उकिरडा शेतात जातो. विहिरीच्या, बोअरच्या, हातपंपाच्या बाजूला तर नाहीच. चुलीतही घालायचं नाही, त्याचा धूर आपल्याच नाकात जातो. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूंचा अंश असतो. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. गॅरेजवाले जळकं ऑइल पिंपात साठवून ते घेणाऱ्याला देतात, तेव्हा आपल्याकडचं जमा झालेलं ऑइल बंद डब्यात भरून तिथंच द्या. तेलकट भुसा-लेप जाड पिशवीत बांधून गॅरेजवाल्याकडंच द्यायचं बघा, तालुक्याला फेरी असतेच. जनावराच्या अंगाला उवा-गोचिडासाठी जळकं ऑइल लावतात काही जण, ते बंद करा. जनावर अंग चाटतं.

खायच्या तेलाचा लेप तेवढा वाईट नाही, मातीत पसरून टाकला तर मुरतो. पण सोड्याचं पाणी पिकात, परसबागेत सोडू नका. जमीन चोपण होते हे आपल्याला काय सांगायचं. शोषखड्ड्याकडं, भरपूर साध्या पाण्याबरोबर जाऊ द्या.

आणि घाणा असलेल्या गटांसाठी एक खास. जवसाच्या, करडईच्या तेलानं भिजलेली फडकी, बोळे, भुसा यांचा ढीग करून कोपऱ्यात ठेवू नका. ही तेलं वाळताना हवेशी मिळून उष्णता सोडतात. पसरलेलं असेल तर ती निघून जाते, ढिगात कोंडली तर वाढत जाते आणि जवसाची फडकी तर काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतात. पेंडेची पोती शेजारीच असतात आपल्याकडं. फडकी वापरून झाली की लगेच सोड्याच्या पाण्यात टाका, नाहीतर दोरीवर सुटी सुटी वाळत घाला.

माझं एवढंच. काही विचारायचं असेल तर विचारा.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यांनाही लेप लावायचा का?

नाही. टाइलच्या वरच्या चकचकीत भागात तेल मुरत नाही, सोड्याच्या गरम पाण्यानं लगेच निघतं. तिच्या सांध्यांत मात्र मुरतं, ते सिमेंटच असतं. जुन्या दातांच्या ब्रशनं सांधे घासा. टाइल ओली असताना कोब्यापेक्षा जास्त घसरते, तेव्हा घाण्यापुढं किंवा कढईपुढं टाइल बसवायची असेल तर खरखरीत घ्या.

प्रश्न : भज्याच्या गाड्यासमोर डाग पडतात, तिथं रोज कढईतलं जुनं तेल पण उरतं. ते ओतायचं कुठं?

जमिनीवर नाही, गटारीत पण नाही. आत गोठून गटार तुंबते. एफएसएसएआयनं २०१८ पासून वापरलेलं तळणाचं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची मोहीम सुरू केलीय. मोठ्या गावांत गोळा करणारे येतात. आपल्या चार-पाच जणींचं मिळून एक डबा झाला तर बोलावता येईल, संघानं याची चौकशी करावी. तोवर झाकणाच्या डब्यात साठवा. आणि ताई, परत परत तळलेल्या तेलात परत तळू नका, ते वेगळ्या सभेत बोलू.

प्रश्न : घाण्याच्या लाकडावरच तेलाची साय बसते. तिथं सोडा चालेल का?

अजिबात नाही. लाकूड सोडा पितं, काळं पडतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच सोडा तेलात उतरतो. घाणा थांबवला की लगेच, तेल ओलं आहे तोवर, लाकडी पट्टीनं खरवडायचं. मग कढत पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसायचं आणि झाकण न घालता वाऱ्यावर वाळू द्यायचं. जवसानंतर शेंगदाणा घ्यायचा असेल तर पहिली मूठभर पेंड फिरवून घ्या, ती उरलेलं जवसाचं तेल ओढते, आणि ती पेंड जनावराला घाला.

(येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, ज्या तीन गटांनी कोब्यासाठी अर्ज केले आहेत त्यांच्यापैकी पहिल्या गटाच्या अंगणात पाण्याची परीक्षा आणि लेप करून दाखवला जाईल. धुण्याचा सोडा आणि खडूची पावडर संघाकडून. येताना ताठ ब्रश किंवा खराटा आणि रबरी मोजे आणावेत.)